कोरी चिठ्ठी, काळ्या कडा

धम्मशीला तो कागद घेऊन पहिल्यांदा माझ्याकडे आली, तेव्हा मी तिला म्हणालो की तू चुकीच्या माणसाकडे आली आहेस. विनयाने नाही, मला खरंच तसं वाटत होतं. चिखलीच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो. पुस्तकं लावायची, द्यायची, परत घ्यायची आणि मधल्या वेळात त्यातली वाचायची, असं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर दुसरबीडला परत आलो आणि विहारामागच्या अभ्यासिकेतलं कपाट सांभाळू लागलो. पोलीस भरतीची नाहीतर तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली तिथे बसतात. कोणी काही विचारलं की आधी मला घाम फुटतो, मग उत्तर सुचतं, आणि तोवर विचारणारा उठून गेलेला असतो.

"काका, मले तुमीच पाह्यजे," धम्मशीला म्हणाली. "कंटाळवाणं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा दुसरा कोण हाय गावात?"

ही पुंजाजी मिस्त्रीची मुलगी. मलकापूरच्या एका तंत्रनिकेतनात कंत्राटावर शिकवत होती. कंत्राट संपलं आणि ती घरी आली. अभ्यासिकेत कोणीतरी दान दिलेला एक जुना संगणक धूळ खात पडला होता. आजकालच्या सिस्टीम त्याला पेलत नव्हत्या. धम्मशीलाने ठरवलं की आपण याच्यासाठी कर्नेलच लिहायचा. कर्नेल म्हणजे संगणकाचा सगळ्यात आतला प्रोग्राम, यंत्र आणि माणूस यांच्या मधोमध बसून दोघांचं ऐकणारा. तयार मिळणारे पुष्कळ असतात, पण तिला स्वतःचा करायचा होता. केलाही. संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर 'जय भीम, दुसरबीड' अशी अक्षरं उमटायची. ती अक्षरंही तिने ठिपक्या-ठिपक्यांनी स्वतः काढली होती.

एवढ्यावर पुण्याच्या एका लहानशा कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं होतं. यंत्रांच्या पोटात बसणारे छोटे संगणक ते बनवतात. मुलाखत फोनवर, पडद्यासमोर बसून. अट एकच होती: काम स्वतःचं असावं आणि त्यातली प्रत्येक फाइल समजावून सांगता यावी.

"बाकी सगळ्या फायली माझ्या हायेत," ती म्हणाली. "ही एक नाई. ही मी इंटरनेटवरून उचलली. सगळेच उचलतात. चालते म्हणून कोणी हात लावत नाई. त्यांनी हीच विचारली तं मी काय सांगू?"

"आणि नाही सांगता आलं तर?"

"बाबांनी देऊळगावराजाले एका दुकानात टायपिंगचं काम पाहून ठेवलं. दिवसभर दुसऱ्याचे अर्ज टाइप करायचे. वाईट नाई ते काम. पण मग हे सगळं सुटते, काका. मले मालूम हाय."

मी कागद हातात घेतला. त्यावर ती फाइल छापलेली होती, जेमतेम एक पान भरेल एवढा मजकूर. महिरपी कंस, तारका आणि सुटे सुटे शब्द. तिने समजावून सांगितलं ते असं, की आपण लिहिलेल्या प्रोग्रामचे आधी अनेक तुकडे होतात, आणि लिंकर नावाचा एक प्रोग्राम ते तुकडे जोडून एक अखंड कर्नेल बनवतो. कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, कुठल्या जागेपासून सुरुवात, हे त्या लिंकरला ही फाइल सांगते; तिला लिंकर स्क्रिप्ट म्हणतात.

"म्हणजे कपाट लावायच्या सूचना," मी म्हणालो, आणि लगेच वाटलं की उगाच बोललो.

"हाव," ती म्हणाली. "तसंच."

लिंकरचं माहितीपुस्तक तिने चिखलीहून छापून, स्पायरल मारून आणलं. ते इंग्रजीत होतं आणि इतकं रुक्ष होतं की मला फार बरं वाटलं. रोज दुपारी जेवण झाल्यावर मी ते अंगणात घेऊन बसू लागलो. भिमाबाई, म्हणजे माझी बायको, शेजारी तुरीच्या शेंगा सोलत असायची.

"परीक्षा त्या पोरीची, अन् अभ्यास तुमी करून राह्यले," ती म्हणायची. "तिले नोकरी लागली तं तुमाले काय, पेन्शन वाढवून देणार हायेत?"

"मला कळतही नाही फारसं."

"मंग वाचून काऊन राह्यले?"

मी पान उलटायचो.

संध्याकाळ व्हायच्या आधी अभ्यासिकेत आम्ही दोघं ते पान घेऊन बसायचो. पहिले काही दिवस मी एका ठिपक्यावर अडकलो. एका ओळीच्या सुरुवातीला नुसता ठिपका होता, त्यापुढे बरोबरचं चिन्ह, त्यापुढे एक आकडा. छपाईत शाई सांडली असेल म्हणून मी तो अंगठ्याने घासून पाहिला. धम्मशीलाने ते पाहिलं आणि ओढणी तोंडाला लावली.

"काका, तो पडद्यावर पण हाय. तिथं पण घासता का?"

मग पुस्तकात सापडलं. तो ठिपका म्हणजे 'सध्याची जागा'. लिंकर तुकडे एकामागे एक मांडत जातो, आणि आत्ता आपण कुठवर आलो ते तो ठिपका धरून ठेवतो. तुकडा ठेवला की ठिपका पुढे सरकतो. ठिपका बरोबर अमुक, असं लिहिलं की तो उचलून त्या जागी नेऊन ठेवायचा. मी उठलो आणि कपाटासमोर उभा राहिलो. पुस्तकं लावताना माझं डाव्या हाताचं बोट फळीवर असतं, पुढचं पुस्तक जिथे जायचं तिथे. उजव्या हाताने पुस्तक ठेवायचं, डावं बोट पुढे. आयुष्यभर हेच केलं होतं. मी ते तिला करून दाखवलं. ती खुर्ची ओढून बसली आणि ती फाइल तिने पूर्ण पुसून टाकली.

"आता मी लिहिते," ती म्हणाली. "पाहून नाई. समजून."

तिने लिहिली. जिथे अडली तिथे आम्ही पुस्तक उघडलं. एका शब्दापाशी मात्र मी तोंड घातलं. जुन्या फाइलमध्ये पहिल्याच तुकड्याभोवती 'कीप' असा शब्द होता. राखून ठेवा. तो पहिला तुकडा म्हणजे हेडर, कर्नेलच्या कपाळावरची ओळखीची खूण. तुकडा तर मांडायचाच आहे, मग 'राखून ठेवा' हे वेगळं कशाला सांगायचं? पुस्तकात त्याबद्दल एक परिच्छेद होता, पण तो साफसफाईच्या कुठल्याशा सोयीबद्दल होता आणि ती सोय आम्ही वापरत नव्हतो.

ग्रंथालयात दर काही वर्षांनी निर्लेखन करायचं असतं. ज्यांचा उपयोग उरला नाही अशी पुस्तकं काढून टाकायची. त्या कामात माझा हात चांगला चालायचा. बाकी कशाची नाही, पण निरुपयोगी गोष्ट ओळखण्याची मला सवय होती.

"हा शब्द काहीच करत नसावा," मी म्हणालो. "काढून बघ."

तिने काढला. संगणक सुरू केला. 'जय भीम, दुसरबीड.'

"चाललं की," ती म्हणाली.

त्या दिवशी घरी जाताना मी जरा ताठ चाललो असेन, कारण भिमाबाईने विचारलं की मान लचकली का.

मुलाखत जवळ आली तेव्हा धम्मशीलाला वाटलं की कर्नेल आणखी आटोपशीर करावा. लिंकरची ती साफसफाईची सोय तिने सुरू केली. ज्या तुकड्याला कोणीच बोलावत नाही तो लिंकर आपणहून टाकून देतो. कर्नेल आकाराने लहान झाला. तिने संगणक सुरू केला आणि पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली. हेडर सापडत नाही.

साफसफाई बंद केली की कर्नेल चालायचा, सुरू केली की तीच ओळ.

"बंदच ठेव की," मी म्हणालो.

"ठेवता येते. पण त्यांनी विचारलं, हे बंद काऊन ठेवलं, तं काय सांगू? सुरू केलं की बिघडते म्हणून? हे तं उचललेल्या फायलीसारखंच झालं, काका." ती चिडली नव्हती, पण आवाज खाली गेला होता. "समजलं नाई ते नाईच समजलं."

मला एकदम तो शब्द आठवला. काढून बघ, असं मीच म्हणालो होतो. संबंध काय ते कळेना, पण संबंध आहे अशी धास्ती बसली. तिला ते न सांगताच मी घरी आलो आणि ते पुस्तक ट्रंकेवर उपडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी धम्मशीला नसते अशा वेळी, सकाळीच, अभ्यासिकेत गेलो.

मन लागत नसलं की मी कपाट आवरतो. त्या दिवशी खालचा खण काढला. नवीन पुस्तकांना जागा हवी होती, तेव्हा जुनी बघावीत. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक घरी नेलं की तिच्यावर तारीख पडते. चिठ्ठी कोरी असली तर ते कोणी नेलं नाही, असं समजायचं. कोरी चिठ्ठी असेल ते मी डावीकडे ठेवत गेलो. हात आपोआप चालत होता. एक जाडजूड शब्दकोश आला. चिठ्ठी कोरी. डावीकडे.

ठेवता ठेवता हाताला काहीतरी लागलं. पानांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. मी तो उलटा केला. कडा काळ्या होत्या, चुलीजवळच्या भिंतीसारख्या. मधल्या पानांचे कोपरे गोल झाले होते.

या कोशाची चिठ्ठी कोरीच असणार होती. तो घरी न्यायला देतच नाहीत. जो येतो तो इथेच उभ्याने उघडतो, हवा तो शब्द बघतो आणि जागेवर ठेवून जातो. चिखलीला अशा पुस्तकांना आम्ही लाल पट्टी लावायचो, आणि निर्लेखनाच्या वेळी लाल पट्टीला हात लावायचा नाही हा पहिला नियम होता. चिठ्ठी कोरी दिसली तरी नाही. खरं तर चिठ्ठी कोरी दिसते म्हणूनच ती पट्टी.

मी कोश मांडीवर घेऊन बसून राहिलो. कर्नेलच्या आत त्या हेडरला कोणी बोलावत नाही. त्याची चिठ्ठी कोरी. पण संगणक सुरू होताना एक दुसराच प्रोग्राम बाहेरून येतो, बूटलोडर म्हणतात त्याला. तो कर्नेल शोधायला येतो आणि सगळ्यात आधी हेडर बघतो. बघतो आणि पुढे जातो. आत त्याची कुठेच नोंद नसते. आणि 'कीप' हा शब्द म्हणजे लाल पट्टी.

हे खरं असेल असं मला वाटलं, आणि लगेच दुसरं वाटलं की एकदा असंच वाटलं होतं. मुलाखत दुसऱ्या दिवशी दुपारी होती. अशा वेळी पुन्हा काही चुकीचं सांगितलं तर? ती आपलं आपण शोधेलच, शिकलेली मुलगी आहे. मी कोश खणात ठेवला, कुलूप लावलं आणि घरी आलो.

भिमाबाईने भाकरी वाढली. मी बघत बसलो.

"काय झालं?"

मी सांगितलं. सगळं नाही, पण शब्दकोशाचं सांगितलं.

"मंग तिले सांगितलं काय?"

"चुकलं तर?"

"चुकलं तं ती म्हणन, काका, चुकलं." तिने माझ्यासमोरून ताट उचललं. "जाऊन या आधी. भाकर कुठं पळून चालली?"

मी कोणाच्या घरी फारसा जात नाही. पुंजाजीचं घर गावाच्या त्या टोकाला, रस्त्यापलीकडे. भर दुपारी मी चाललो. पुंजाजी दारात बसून थापीचा दांडा बसवत होता.

"सहदेवभाऊ, वाट चुकले काय?" तो म्हणाला. "जय भीम. या. धम्मा, पाह्य कोण आलं. पाऊस पडते का आता?"

धम्मशीला बाहेर आली. डोळे जागरणाने लाल झाले होते. मी उभ्याउभ्याच सांगायला लागलो, कोश, चिठ्ठी, काळ्या कडा, आणि मधेच तो शब्द काढायला मीच सांगितलं होतं हेही सांगितलं. वाक्यं कुठल्या कुठे गेली. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकताच आत गेली. लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसली. साफसफाई सुरू केली, शब्द परत घातला. तिच्या लॅपटॉपवर एका चौकटीत तो जुना संगणक जसाच्या तसा सुरू करून बघता येतो. चौकट काळी झाली.

'जय भीम, दुसरबीड.'

तिने शब्द काढला. हेडर सापडत नाही. पुन्हा घातला. चाललं. असं तिने कितीदा तरी केलं, लहान मूल दिव्याचं बटण दाबतं तसं.

"तुमचं थोडं चुकलं, काका," ती शेवटी म्हणाली. "लिंकर चिठ्ठ्या मोजत नाई. दारातून आत येते. दारातला माणूस ज्याले हाक मारते तो राह्यला, तो ज्याले हाक मारते तोही राह्यला. जिथं हाक पोचत नाई, तो बाहेर. हेडरले आतून कोणाचीच हाक नाई. त्याले बाहेरचा वाचते." ती हसली. "बाकी बरोबर. परिच्छेद मी पण वाचला होता. आपल्यासाठी नाई म्हणून सोडून देला."

"मीही," मी म्हणालो.

"समजलं की नाई काही?" पुंजाजीने विचारलं.

"समजलं, बाबा."

"बरं झालं. कालपासून घरात मयत झाल्यासारखं होतं." त्याने थापी जमिनीवर आपटून दांडा घट्ट केला. "चहा टाक मंग."

मुलाखत अभ्यासिकेत झाली, कारण फोनला रेंज तिथेच बरी मिळते. मुलांनी त्या वेळेपुरती खोली रिकामी केली. भिमाबाई दाराच्या पायरीवर बसली आणि समोरच्या गिरणीवाल्याला तिने बजावून ठेवलं की पोरीचं बोलणं होईस्तोवर पट्टा चढवायचा नाही. मी कपाटाच्या आडोशाला उभा राहिलो. धम्मशीलाने बोलावलं नव्हतं. पण जा असंही म्हणाली नव्हती.

पलीकडून एक बाई बोलत होत्या. आवाज शांत होता. त्यांनी बरंच काही विचारलं, त्यातलं मला थोडंच कळलं. मग त्या म्हणाल्या, "लिंकर स्क्रिप्ट कुठून घेतली?"

"आधी उचलली होती, मॅडम. मग पुसली आणि स्वतः लिहिली."

"इथे कीप आहे. तो काढला तर काय होतं?"

मी कपाटाची कड धरली.

"काढला होता," धम्मशीला म्हणाली. "काही झालं नाही. म्हणून आम्हाला वाटलं फुकटचा आहे. मग साफसफाई सुरू केली आणि हेडरच गेला." तिने सगळं सांगितलं. दारातली हाक सांगितली. शब्दकोशही सांगितला, चिठ्ठी आणि कडा, आणि आमच्या गावात एक ग्रंथपाल आहेत त्यांना हे सुचलं असंही सांगितलं. कपाटामागे माझे कान गरम झाले.

"तो काढून कोणी बघत नाही," बाई म्हणाल्या. "बरं. सुरुवात मेमरीत एक मेगाबाइटच्या जागेपासूनच का केली?"

"त्याच्या खालच्या जागेत जुन्या यंत्रांच्या काही राखीव जागा असतात. पण कुठून कुठवर कोणाची, ते मला नीट माहीत नाही. वाचावं लागेल."

"वाचा आणि आज लिहून पाठवा."

फोन बंद झाला. धम्मशीला मागे न बघताच म्हणाली, "काका, या बाहेर. पुस्तक आणा."

"ते त्या पुस्तकात नसेल," मी म्हणालो. "दुसरं लागेल."

"मंग दुसरं आणू."

बाहेर भिमाबाई गिरणीवाल्याला ओरडून सांगत होती की आता दळ.

उत्तर यायला बरेच दिवस लागले, आणि त्या दिवसांत पुंजाजी देऊळगावराजाच्या दुकानदाराला सांगत राहिला की पोरगी जरा आजारी आहे. मग पत्र आलं. आधी काही महिने शिकाऊ म्हणून, काम जमलं तर पुढे. पुंजाजीने गावात पेढे वाटताना ते 'शिकाऊ' गाळलं. धम्मशीला एसटीने पुण्याला गेली तेव्हा बॅग त्याने स्वतः वर चढवली आणि कंडक्टरला दोनदा सांगितलं की आत संगणक आहे.

जाण्याआधी तिने त्या फाइलमध्ये, 'कीप'च्या वर, मराठीत एक ओळ लिहून ठेवली. अशा ओळी यंत्र वाचत नाही, फक्त माणसांसाठी असतात. 'याला आतून कोणी बोलावत नाही, बाहेरचा वाचतो. काढू नये.'

तो जुना संगणक अभ्यासिकेतच आहे. बाजूला आता दुसरं एक स्पायरल मारलेलं पुस्तक असतं. परवा रविवारी धम्मशीलाचा फोन आला तेव्हा मी संगणकासमोर बसलो होतो. तिच्या आणखी एका फाइलमध्ये एक ओळ आहे, तिचं काम काय ते मला कळत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"काढून पाहा न," ती म्हणाली. मागे गाड्यांचा आवाज येत होता.

"बिघडलं तर?"

"बिघडलं तं फोन करा. नाईतर समजल्यावर करा."

तिने फोन ठेवला. अभ्यासिकेत मुलं मान खाली घालून वाचत होती. मी ती ओळ एका कागदावर उतरवून घेतली, कागद शब्दकोशाखाली ठेवला, मग ती फाइलमधून काढून टाकली आणि धम्मशीलाने शिकवून ठेवलं होतं तसा कर्नेल पुन्हा जोडला. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. पडदा काळा झाला, आणि मी खुर्ची थोडी पुढे ओढून बसलो.